द्या समजून!

सुताराला 'किती झाले?' असं विचारलं, की तो तुमच्याकडे बघत नाही. तो आधी केलेल्या वस्तूकडे बघतो, मग आढ्याकडे बघतो, एका कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवतो आणि अंगावरचा भुसा झटकत म्हणतो, "द्या समजून."

मराठी भाषेतलं हे सर्वांत अवघड वाक्य असावं. त्यात कर्ता नाही, कर्म नाही आणि आकडा तर नाहीच नाही. काय समजायचं, कोणी समजायचं आणि समजून झाल्यावर खिशात हात किती खोल घालायचा, हे सगळं देणाऱ्यावर सोपवलेलं असतं. कमी दिले तर सुतार आपल्याला नासमज समजतो आणि जास्त दिले तर बायको. दोघंही तोंडाने काही बोलत नाहीत, पण सुताराचं न बोलणं फाटकापाशी संपतं, बायकोचं चांगलं आठवडाभर टिकतं.

लढायांचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखान आणि शिवाजी महाराजांची भेट झाली तो शामियाना कसा सजवला होता, याची वर्णनं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्या शामियान्याचे खांब तासले कोणी? त्याला त्याचे किती मिळाले? की त्यालाही पंतांनी 'समजून' दिले? बखरकार इथे मूग गिळून बसतात. म्हणून म्हटलं, या 'समजून'चा इतिहास आपणच थोडा चाळून पाहावा. तलवारीचा इतिहास लिहायला विद्वान माणसं आहेत. रंध्याचा कोणी लिहीत नाही, त्यामुळे तिथे आपल्याला कोणी उठवणार नाही.

माझं बालपण मेढ्याला गेलं. साताऱ्याच्या पश्चिमेला, वेण्णा नदीच्या काठी वसलेलं, जावळी तालुक्याचं हे ठाणं. 'जावळी' म्हटलं की ऐकणारा एकदम ताठ बसतो. त्याच्या डोळ्यांपुढे चंद्रराव मोरे, १६५६ साल आणि दिवसाही अंधार असलेलं जंगल उभं राहतं. 'मेढा' म्हटलं की तोच माणूस विचारतो, "तिथं एस.टी. किती वेळ थांबते?"

पण सुतारकामाचा इतिहास लिहायला मेढ्यासारखं गाव नाही. एकतर त्याच्या नावातच लाकूड आहे. मेढ म्हणजे खांब. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब रोवतात ती मुहूर्तमेढ. संस्कृतात मेथि किंवा मेधि म्हणून शब्द आहे, त्याचा अर्थ खळ्याच्या मधोमध रोवलेला आणि मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. गावाचं नाव या खांबावरूनच पडलं, असा शोध मात्र मी लावणार नाही. गावांच्या नावांची व्युत्पत्ती हे निवृत्त मंडळींचं राखीव कुरण आहे आणि तिथे आधीच गर्दी झाली आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की सुताराच्या मजुरीचा हिशेब शेकडो वर्षं याच खांबापाशी होत होता.

सुगी आली की मेढीभोवती बैल फिरत आणि बैलांच्या मागोमाग बलुतेदार. बारा बलुतेदारांची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलेली असते आणि त्यातली सात-आठ नावं सांगून झाल्यावर सगळेच अडखळतो. त्यांच्या तीन ओळी असत. थोरली, मधली आणि धाकटी. गावोगावच्या याद्यांत थोडाफार फरक असे, पण सुतार आणि लोहार हे बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीत. कारण उघड होतं. भट चार दिवस उशिरा आला तर मुहूर्त पुढे ढकलता येतो, पण ऐन पेरणीत पाभर मोडली तर पाऊस पुढे ढकलता येत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' नावाचं पुस्तक लिहिलं. बलुत्याचा व्यवहार समजून घ्यायचा तर आजही तेच उघडावं लागतं. शेतकऱ्याने लाकूड द्यायचं. सुताराने वर्षभर नांगर, कुळव, पाभर, जू हे सगळं धड ठेवायचं. आणि पीक आलं की ज्याची जितकी औतं त्या मानाने त्याने सुताराला धान्य द्यायचं. नवी गाडी किंवा घराचं काम निघालं तर त्याचे वेगळे ठरवायचे. म्हणजे नांगराच्या दुरुस्तीला स्वतंत्र किंमत अशी नव्हतीच. नांगर एकदा मोडला काय आणि पाचदा मोडला काय, पेंढ्या तेवढ्याच. आजच्या भाषेत याला वार्षिक देखभाल करार म्हणतात आणि फ्रिजवाला त्याच्यासाठी तुमच्या तीन सह्या घेतो.

आता यात आमच्या घराची अडचण अशी, की माझे वडील शाळामास्तर. औत नाही, बैल नाही, खळं नाही. भाताची पेंढी द्यायची तर ती आधी दुकानातून विकत आणावी लागली असती. गावाचं सगळं गणित पेंढीत आणि आमचं पगारात. १९५७ साली सरकारने आणे मोडून नवे पैसे आणले, त्यामुळे त्या पगारालाही नुकतंच नवं माप लागलेलं. सुतारमामा मात्र आण्यातच बोलत, इंचात मोजत आणि इंचाच्या आत सुतावर येत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन इंच तीन सूत" हे त्यांच्या तोंडी ऐकताना मला ती एखाद्या रागाची जागा वाटायची.

साठीच्या दशकातली गोष्ट. मामांनी आम्हाला चार पाट करून दिले. वडिलांनी विचारलं, "मामा, किती द्यायचे?"

"द्या की मास्तर समजून."

"समजून म्हणजे किती?"

"आवं, तुमी पोरास्नी गणित शिकवता. म्या काय सांगू तुमास्नी?"

"अहो, पण गणितात आकडे दिलेले असतात!"

मामा हसले. "मग आसं करा. आमच्या धाकट्याला इंग्रजी चौथीतनं वर ढकला. पाटाचं न्हाय काय."

वडील तत्त्वाचे मास्तर होते. त्यांनी मुलाला ढकललं नाही. रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. मुलगा आपल्या हिमतीवर वर गेला. पण पाटांचे पैसे मात्र राहिलेच. वडिलांनी दिवाळीला मामांना धोतरजोडी दिली, मामांनी संक्रांतीला पोळपाट आणून दिला, पोळपाटाबद्दल आईने मामींना लुगडं दिलं, त्यावर मामांनी आमच्या दाराचा अडसर बदलून दिला. हा हिशेब माझ्या माहितीप्रमाणे कधीच मिटला नाही. तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नव्हती.

इथवर ऐकून काही वाचकांचे डोळे पाणावतील. 'काय तो काळ! काय ती माणुसकी!' असं म्हणून ते चष्मा पुसतील. त्यांनी चष्मा पुसून जरा नीट बघावं. खळ्यावर मेढ एकच होती, पण तिच्यापासून कोण किती लांब उभं राहणार हे जन्माआधी ठरलेलं होतं. सुताराला निदान 'द्या समजून' म्हणायची सोय होती. महाराला गावकी आणि सरकारचं पडेल ते काम करून जे हातावर पडेल ते घ्यावं लागे. तिथे समजून घेणारा तोच आणि सोसणाराही तोच. म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. ही वतनं कायद्याने जायला पुढे १९५८ साल उजाडावं लागलं. आणि सुताराचं तरी काय? त्याचा मुलगा कितीही हुशार असो, त्याने वाकसच धरायचा. हात सोन्याचा असो की मातीचा, पेंढ्या सारख्याच. बलुत्यात माणसाला जागा होती, पण कसबाला किंमत नव्हती. मामा आपल्या मुलाला इंग्रजी चौथीतून वर ढकला म्हणाले, ते काही उगाच नव्हे.

कसबाची किंमत सोडा, लाकडाची तरी किंमत ठरलेली असेल, असं तुम्ही म्हणाल. तर तीही गंमत ऐका. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र साधारण १७१६ चं. राज्य कसं चालवावं, किल्ले कसे राखावे हे सांगता सांगता पंत आरमाराच्या लाकडावर येतात आणि झाडांबद्दल जे लिहितात ते वाचून माणूस थांबतो. साग-शिसवासारखी झाडं लागतील ती हुकूम घेऊन तोडावी. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती रयतेने पोटच्या पोरासारखी वर्षानुवर्षं वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं, कामातून गेलेलं असेल, तर धन्याला राजी करावं, त्याचे पैसे मोजावे, त्याच्या मनाला समाधान वाटेल असं करावं आणि मगच तोडावं. जबरदस्ती मुळीच करू नये.

हा मला किंमत ठरवण्याचा फार मोठा सिद्धान्त वाटतो. पंतांनी झाडाचा दर दिला नाही. इतक्या हाताला इतके होन असं कोष्टक दिलं नाही. ज्याच्या हातून वस्तू जाते त्याचं तोंड बघा, एवढंच सांगितलं. 'द्या समजून'मधलं जे काही समजायचं असतं ते हेच असावं.

पुढे इंग्रज आले. १८४८ साली त्यांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि १८७८ साली जंगलचा कायदा केला. आता झाडाच्या धन्याला राजी करायचा प्रश्नच उरला नाही, कारण राखीव जंगलाचं धनी सरकारच झालं. लाकडाला मोजमाप आलं, शिक्का आला, परवाना आला, दंड आला. आमच्या भागात तर 'साग' हा शब्द माणसं अजून हळू आवाजात उच्चारतात.

योगायोग पाहा. त्याच १८७८ साली लंडनच्या कोर्टात कसबाच्या किमतीचा खटला चालला. व्हिसलर नावाच्या चित्रकाराने एका चित्राला दोनशे गिनी किंमत लावली होती. रस्किन या बड्या टीकाकाराने त्यावरून त्याची जाहीर टर उडवली. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. चित्राला किती वेळ लागला, असं त्याला कोर्टात विचारलं. तो म्हणाला, दोनेक दिवस. मग दोन दिवसांच्या मजुरीचे दोनशे गिनी काय, असा उलट सवाल आला. त्यावर त्याने सांगितलं, की नाही, ते आयुष्यभर मिळवलेल्या ज्ञानाचे आहेत. कोर्टात टाळ्या पडल्या. व्हिसलर खटला जिंकला आणि न्यायालयाने त्याला भरपाई दिली एक फार्दिंग. म्हणजे आपली दमडीच म्हणा. शिवाय खर्च ज्याचा त्याने सोसायचा, त्यामुळे जिंकलेल्या माणसाचं वर्षभरात दिवाळं वाजलं. 'द्या समजून' म्हटल्यावर समोरचा किती समजून देतो, याचं याहून चांगलं उदाहरण साहेबाच्या देशातही सापडणार नाही.

तर मेढ्याला परत येऊ. मामांचा तो धाकटा मुलगा शिकला, पण नोकरी न मिळाल्यामुळे शेवटी रंध्याकडेच वळला. फक्त तो 'सुतार' राहिला नाही, 'मिस्त्री' झाला. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला म्हणतात. म्हणजे मास्तरचाच भाऊ! हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पण भावाचा पगार बरा आहे."

मिस्त्री पेंढ्या घेत नसे. तो रोज घेई. आणि रोजावर माणूस आला की घराची चाल बदलते. मामा काम करत तेव्हा आई स्वयंपाकघरात असे. मिस्त्री काम करी तेव्हा आई ओसरीवर असे. गहू निवडायचा बहाणा करून ती त्याच्या विड्या मोजायची. तिसरी विडी पेटली की आतून चहा यायचा, आणि चहा प्यायल्यावर तिला वाटायचं, चहामुळेच आणखी पंधरा मिनिटं गेली. मग लोकांनी त्यावर उपाय काढला, उक्तं देण्याचा. 'कपाटाचे एवढे, मग तू दोन दिवसांत कर की महिन्यात.' आता विड्या मोजायचं काम मिस्त्रीनेच अंगावर घेतलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. रोजावर केलेल्या कपाटाची मागची फळी मामांच्या वळणाने रंधलेली असे. उक्त्यातल्या कपाटाची मागची बाजू भिंतीकडे असते, हे मिस्त्रीच्या एकदम ध्यानात आलं.

मिस्त्रीला तरी दोष काय द्यायचा? त्याची स्पर्धा शेजारच्या गावच्या मिस्त्रीशी नव्हतीच. ती १८५९ सालापासून मिखाएल टोनेट नावाच्या जर्मन माणसाशी चालली होती. हा स्वतः हाडाचा सुतार. त्याने बीचचं लाकूड वाफेवर वाकवून चौदा नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स! सुट्ट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. जिथे पोचतील तिथे जोडायच्या. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या खपल्या. तुम्ही मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीत बसून बनमस्का खाल्लात, ती याच कुळातली. आपण चहा पीत तिथे हस्तकलेच्या ऱ्हासावर तळमळीने बोललो आणि बसलो होतो कशावर, तर त्या ऱ्हासाच्या मांडीवर.

विल्यम मॉरिस या इंग्रज गृहस्थाने याला उलट उत्तर द्यायचं ठरवलं. १८६१ साली त्याने कंपनी काढली. सगळं हातानं, सगळं सुंदर आणि कारागिराला मानाचं काम. माणूस पुढे समाजवादी झाला, घराघरांत सुंदर वस्तू पोचाव्यात हा त्याचा ध्यास. पण कारागिराला नीट पैसे दिले की वस्तू महाग होते आणि महाग झाली की ती श्रीमंताच्याच दिवाणखान्यात जाते, या त्रैराशिकाने त्याला आयुष्यभर छळलं. त्याला ते सुटलं नाही. मेढ्याच्या मिस्त्रीने ते कपाटाच्या मागच्या फळीवर सोडवलं.

याच सुमारास आमच्या जावळी-पाटणच्या डोंगरातली माणसं मुंबईला जाऊन पाठीवर पोती वाहत होती. त्यांनाही आधी मुकादम समजूनच देत असे, आणि मुकादम किती समजूतदार असतो हे सांगायला नको. अण्णासाहेब पाटलांनी या माथाडींना एकत्र बांधलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. ओझं उचलणाऱ्याच्या मजुरीला नियम आला, भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली. मला या कायद्याचं मोठं कौतुक आहे. पण त्यातून एक चमत्कार झाला. मामांचा पुतण्या मुंबईला माथाडी झाला. मामांनी केलेली सागवानी पेटी त्याने बोरीबंदरला उचलली असती, तर उचलायचा दर कायद्याने सांगता आला असता. पेटी करायचा दर कोणालाच सांगता आला नसता.

सांगली संस्थानात तर लाकडातून महाराष्ट्राचं नाटक बाहेर आलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवलं हे सर्वांना माहीत असतं. त्यांच्या हातांत लाकडी बाहुल्या करण्याचं मोठं कसब होतं, हे थोड्यांना. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, असं पंडित सांगतात. इथे तर एकाच माणसात दोन्ही नांदत होते. त्यांना आश्रय चिंतामणराव पटवर्धनांचा. राजा समजून देणारा असेल तर कलावंताला आकडा लागत नाही. पण राजे १८५१ साली वारले आणि नव्या कारभारात ती समजूत उरली नाही. मग भाव्यांनी नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाला आकडा चिकटला तो असा. पुढचा इतिहास तिकिटाने केला. बाहुल्यांची किंमत कोणी केलीच नाही.

तिथून जवळच मिरज. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचं गिऱ्हाईक संपलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोऱ्या-सतारींकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एकदा एका कारागिराला मी तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलं. घोडीवर कानस इतकी हलकी फिरते, की तिने काही घासलं हे कळतही नाही. घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. शेवटी एकदम सूर असा उघडतो, की खोलीत कोणी खिडकी उघडली असं वाटावं. मी विचारलं, "यात लाकूड किती गेलं?" तो म्हणाला, "चिमूटभर." आता या चिमटीचा दर लावा!

मिस्त्रीचा मुलगा, म्हणजे मामांचा नातू, हा ना सुतार ना मिस्त्री. तो फर्निचरवाला. तो चौरस फुटावर बोलतो. आजोबा माणसाचे घेत, बाप दिवसाचे घेई, हा पृष्ठभागाचे घेतो. प्लायवूड, त्यावर सनमायका, आणि फुटाला अमुक. भाव साताऱ्याच्या बाजारात ठरतो, त्याला पेन्सिल या कानावरून त्या कानावर न्यावी लागत नाही. धंदा बरा चालतो.

पण रक्त स्वस्थ बसत नाही. जुना वाडा उतरवताना निघालेली एक सागवानी तुळई त्याने विकत घेतली आणि आजोबांची हत्यारं काढून एक चौरंग केला. एकही खिळा न मारता, सगळे सांधे खाच आणि कुसू घालून. मी गावी गेलो होतो, तर तो चौरंग घेऊन माझ्याकडे आला. "काका, महाबळेश्वरच्या रस्त्यावर टपरी लावतोय. तुम्ही शिकलेले. याला किंमत काय लावू?"

आम्ही कागद घेतला. लाकडाचे बाराशे. चार दिवस लागले. त्याचा रोज हजार धरला, चार हजार. पॉलिश आणि हत्यारांची झीज तीनशे. बेरीज साडेपाच हजार. त्याने मोबाइलवर मला मशीनने कोरलेला चौरंग दाखवला, नऊशे रुपये, घरपोच. आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.

"मी तीन हजार लावतो," तो म्हणाला.

"मग चार दिवसांतले अडीच दिवस तू फुकट काम केलंस."

"मग साडेपाच कोण देणार, काका?"

मी त्याला आज्ञापत्रातल्या झाडाची गोष्ट सांगितली. धन्याला राजी करून, त्याच्या मनाला समाधान होईल असे पैसे देऊन मगच झाड तोडायचं, ती. आतापर्यंत सगळे देणाराच्या समजुतीचा विचार करत आले. या वस्तूचा धनी तू. कितीला गेली म्हणजे रात्री तुला झोप लागेल आणि सकाळी दुसरी करायला घ्यावीशी वाटेल? तो आकडा लाव. नाही खपली तर नाही खपली; फुटावरचं काम आहेच. पण ज्या आकड्याला विकून पुन्हा कधी रंध्याला हात लावावासा वाटणार नाही, त्या आकड्याला देऊ नकोस.

त्याने बराच विचार केला आणि खडूने चौरंगाखाली लिहिलं, सहा हजार.

"पाचशे वाढवलेस?"

"मागची बाजू पण रंधलीय, काका. कोणी बघणार नाही, म्हणून तिचे वेगळे."

पहिल्या महिन्यात तो चौरंग शेकडो लोकांनी उचलून पाहिला, पाटीवरचा आकडा वाचून हळूच खाली ठेवला. एका बाईंनी मोबाइलवरचा नऊशेचा दाखवला. त्याने तो कौतुकाने पाहिला आणि "छान आहे, घ्या," म्हणाला. दुसऱ्या महिन्यात एका डॉक्टरांनी नेला, न घासाघीस करता. त्यानंतर वर्षभरात सात गेले. सात चौरंगांवर घर चालत नाही. पण आठवा करायला तो बसला आहे, आणि त्याची मुलगी शाळेतून आल्यावर त्याच्या शेजारी बसून कुसू कसं बसतं ते बघत असते. तिला कोणी बस म्हटलेलं नाही, आणि ऊठही म्हटलेलं नाही.

गेल्या गणपतीला मीही एक चौरंग घ्यायला गेलो. जुना घरोबा. आजोबांचे पाट अजून आमच्याकडे आहेत. मी पाकीट काढलं आणि मोठ्या खुबीने म्हटलं, "मग, देऊ ना समजून?"

"समजून नको, काका," तो चौरंग उलटा करून खडूचा आकडा दाखवत म्हणाला, "वाचून द्या."

मी सहा हजार मोजून दिले. त्याने ते दोनदा मोजले. तीन पिढ्यांत प्रथमच आमच्या दोन घरांतला हिशेब पुरता मिटला. चौरंग काखेला मारून मी एस.टी.कडे निघालो तेव्हा मला बरं वाटत होतं, आणि कुठेतरी थोडं चुकल्यासारखंही. तेवढ्यात मागून हाक आली. तो धावत आला आणि माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी कोंबलं. घरी येऊन पाहिलं, तर लाटणं होतं. त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्याचं. त्याच्यावर किंमत लिहिलेली नव्हती.

आता पुढच्या दिवाळीला त्याच्या मुलीला काय न्यावं, याचा विचार बायको करते आहे.